डॉक्टर विल्यम लिटल

लंडन शहराच्या पूर्वेस ऑल्डगेट नावाचा एक जुना, गजबजलेला भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे 'रेड लायन' नावाची एक सराई होती. प्रवाशांनी तेथे उतरावे, जेवावे, रात्रीची विश्रांती घ्यावी आणि सकाळी पुढच्या मार्गाला लागावे, असा तेथील नित्यक्रम असे. या सराईच्या मालकाच्या घरी ७ ऑगस्ट १८१० रोजी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव विल्यम जॉन लिटल. हाच मुलगा पुढे नामवंत डॉक्टर झाला. ज्या मुलांच्या दुखण्याला तोवर धड नावही नव्हते, त्यांचे दुखणे त्याने जगाला समजावून सांगितले.

विल्यमचे बालपण दुखण्यांतच गेले. गालगुंड झाले, गोवर झाला, डांग्या खोकलाही झाला. तो दोन वर्षांचा असताना आणखी एका आजाराने त्याला गाठले. हा आजार ओसरला, परंतु जाताना त्याच्या डाव्या पायाची शक्ती घेऊन गेला. त्या काळी या रोगाचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. आज त्याला पोलिओ म्हणतात. पायाचे काही स्नायू लुळे पडले, टाचेमागची जाड शिर आखडली आणि तिने टाच वर ओढून धरली. त्यामुळे पाऊल आतल्या बाजूला वळले. विल्यमची टाच जमिनीला टेकत नसे. पावलाच्या कडेवर भार देऊन तो लंगडत चाले.

अशा मुलाचे बालपण सोपे नसते. सोबती पळत सुटले म्हणजे तो मागे राही. खेळगडी त्याच्या चालण्याची नक्कल करीत. विल्यम मात्र अभ्यासात मागे राहिला नाही. इंग्लंडमधील शाळेनंतर त्याला फ्रान्समधील सेंट ओमेर येथील विद्यालयात पाठविण्यात आले. तेथे त्याने फ्रेंच भाषा चांगली आत्मसात केली. परक्या भाषा शिकण्याचा हा नाद पुढे त्याच्या फार उपयोगी पडला.

सोळाव्या वर्षी तो एका औषधे देणाऱ्या वैद्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. वैद्यकाच्या व्यवसायात शिरण्याचा त्या काळचा हाच मार्ग होता. पुढे १८२८ साली तो लंडन हॉस्पिटलमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाला आणि काही वर्षांतच परीक्षा देऊन डॉक्टर झाला. वैद्यक शिकण्यामागे त्याचा एक अंतस्थ हेतू होता. आपल्या वाकड्या पावलावर उपाय आहे की नाही, याचा शोध त्याला घ्यावयाचा होता.

उपाय सुचविणारे वैद्य पुष्कळ होते. कोणी लाकडी पट्ट्या बांधीत, तर कोणी लोखंडी सांगाडे घालीत. या खटाटोपाने विल्यमचे पाऊल सरळ झाले नाही. आखडलेली शिर कापली तर टाच खाली येईल, असा विचार काही वैद्यांच्या मनात आला होता. फ्रान्समध्ये देलपेश नावाच्या शल्यवैद्याने १८१६ साली तसा प्रयोगही केला होता. परंतु जखम चिघळली आणि वैद्य मंडळींनी या शस्त्रक्रियेचा धसका घेतला. त्या काळी रोगजंतूंची माहिती नव्हती, जखम निर्जंतुक कशी ठेवावी हे कोणास ठाऊक नव्हते. भूल देण्याची कलाही अजून हाती आलेली नव्हती. शस्त्रक्रिया म्हणजे उघड्या डोळ्यांनी सोसावयाच्या वेदना आणि नंतर जखम चिघळण्याची भीती. पाय सरळ करावयास जावे आणि प्राणच गमवावे, असे घडणे अशक्य नव्हते.

याच सुमारास जर्मनीतील हॅनोव्हर शहरी लुई श्ट्रोमायर नावाच्या शल्यवैद्याने एक नवी रीत काढल्याचे लिटल यांच्या वाचनात आले. श्ट्रोमायर कातडी मोठी चिरीत नसत. बारीक पात्याची सुरी कातडीखाली अलगद सरकवून ते आखडलेली शिर आतल्या आत कापीत. बाहेर दिसे ते केवळ एक लहानसे छिद्र. ते थोड्याच दिवसांत भरून येई. मग पाऊल एका साच्यात ठेवून ते हळूहळू सरळ करीत. तोपर्यंत कापलेली शिर थोडी लांबून पुन्हा सांधली जाई.

लिटल यांनी १८३४ साली युरोपचा प्रवास आरंभिला. बर्लिन येथे राहून त्यांनी मोठमोठ्या गुरूंजवळ अध्ययन केले. या नव्या शस्त्रक्रियेविषयी तेथील विद्वानांच्या मनात शंका होत्या. निर्णय लिटल यांनाच घ्यावयाचा होता. एकीकडे जन्मभराचे लंगडेपण होते, तर दुसरीकडे मोठा धोका होता. पुष्कळ विचार करून त्यांनी हॅनोव्हरची वाट धरली. ६ जून १८३६ रोजी श्ट्रोमायर यांनी त्यांच्या डाव्या पायाची शिर कापली. काही आठवड्यांतच पाऊल सरळ झाले. पोलिओने दुर्बल झालेले स्नायू अशा शस्त्रक्रियेने सशक्त होत नसतात. तथापि टाच जमिनीला टेकली. वयाच्या सव्विसाव्या वर्षी लिटल सरळ पावलाने चालू लागले.

स्वतःचे काम झाले म्हणून ते तेथून लगेच निघून गेले नाहीत. श्ट्रोमायर यांच्याजवळ राहून त्यांनी ती शस्त्रक्रिया शिकून घेतली. मग ते बर्लिनला परतले. तेथील विख्यात शल्यवैद्य डीफेनबाख यांनी त्यांचे सरळ झालेले पाऊल प्रत्यक्ष पाहिले आणि त्यांचा संशय फिटला. तेही ही शस्त्रक्रिया करू लागले. लिटल यांनी वाकड्या पावलाविषयी प्रबंध लिहून १८३७ साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली. आपल्या उपकारकर्त्याला ते कधीही विसरले नाहीत. पुढे त्यांनी आपल्या एका मुलाचे नाव लुई श्ट्रोमायर लिटल असे ठेविले.

इंग्लंडमध्ये ही शस्त्रक्रिया त्यांनी १८३७ च्या फेब्रुवारी महिन्यात प्रथम केली. आपल्यासारखी शेकडो मुले या देशात आहेत आणि त्यांच्या आईबापांजवळ परदेशी जाण्याइतका पैसा नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी मित्रांच्या आणि दानशूर लोकांच्या साहाय्याने लंडनमध्ये केवळ अशा रोग्यांसाठी एक रुग्णालय काढण्याचे ठरविले. १८३८ साली त्याची स्थापना झाली आणि १८४० साली ते ब्लूम्सबरी स्क्वेअर येथे सुरू झाले. पुढे ते रॉयल ऑर्थोपेडिक हॉस्पिटल या नावाने प्रसिद्धीस आले.

रुग्णालयाचे दार उघडताच वाकड्या पायांची, वाकड्या पाठीची, आखडलेल्या हातांची मुले तेथे येऊ लागली. कोणी आईच्या कडेवर, कोणी बापाच्या खांद्यावर, तर कोणी कुबड्यांवर. लिटल प्रत्येक मुलाला लक्षपूर्वक तपासीत. तपासता तपासता त्यांच्या ध्यानी आले की, काही मुले इतरांपेक्षा अगदी निराळी आहेत. पोलिओ झालेल्या मुलाचा पाय लुळा आणि सैल असतो. या मुलांचे पाय मात्र ताठ होते. त्यांच्या मांड्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असत. उभे केले तर एक पाय दुसऱ्यावर कात्रीच्या पात्यासारखा येई आणि मूल चवड्यांवर उभे राही. काहींचे हातही आखडलेले असत. काहींची जीभ वळत नसे, त्यामुळे बोल अस्पष्ट येत आणि तोंडातून लाळ गळे.

या मुलांचे प्राक्तन मोठे कठीण होते. जे मूल चालत नाही आणि स्पष्ट बोलत नाही, त्याला बुद्धीच नाही असे लोक सहज मानीत. त्याला शाळेत कोणी पाठवीत नसे. घराच्या कोपऱ्यात बसून त्याचे दिवस जात. आपल्याच हातून काही चूक झाली असेल, म्हणून आई मनात झुरत राही. हे दुखणे कशाने होते, याचे समाधानकारक उत्तर वैद्यांजवळही नव्हते.

लिटल यांनी उत्तर शोधण्याची घाई केली नाही. त्यांनी आयांना प्रश्न विचारावयास आरंभ केला. मूल जन्मले तेव्हा काय घडले? ते दिवस भरण्यापूर्वीच जन्मले काय? बाळंतपण अवघड झाले काय? मूल जन्मताच रडले की निळे पडून बराच वेळ निपचित राहिले? मुलाला न्हाऊ घालताना त्याचे पाय ताठ लागतात, हे प्रथम केव्हा ध्यानात आले? असे प्रश्न विचारून मिळालेली उत्तरे ते टिपून ठेवीत. एक मूल झाले, दहा झाली, शंभर झाली. जवळजवळ प्रत्येक टिपणात तीच गोष्ट पुनःपुन्हा येऊ लागली. मूल अपुऱ्या दिवसांचे होते, अथवा बाळंतपण फार अवघड होते, किंवा जन्मल्यावर मुलाचा श्वास लवकर सुरू झाला नव्हता.

१८४३ साली दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी हा विषय प्रथम मांडला. १८५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथातही त्यांनी त्याचा विचार केला. तरीही त्यांचे निरीक्षण थांबले नाही. अखेर २ ऑक्टोबर १८६१ रोजी लंडनमधील प्रसूतिवैद्यांच्या सभेपुढे त्यांनी आपला प्रसिद्ध निबंध वाचला. तोपर्यंत अशी सुमारे दोनशे मुले त्यांच्या पाहण्यात आली होती. कठीण अवस्थेत जन्मलेले मूल एक तर दगावते किंवा पूर्ण बरे होते, असे तोवर प्रसूतिवैद्य मानीत. लिटल यांनी दाखवून दिले की, याला तिसरीही एक बाजू आहे. काही मुले वाचतात, परंतु जन्माच्या वेळी झालेल्या इजेची खूण जन्मभर वागवितात. जन्मदात्या आईची सुटका करून वैद्य घरी परतत, त्यामुळे पुढे त्या मुलाचे काय झाले हे त्यांना दिसत नसे. लिटल यांच्या दारी मात्र तीच मुले दोन-चार वर्षांनी येत. म्हणूनच हा दुवा त्यांना जोडता आला.

या निबंधातील आणखी एक गोष्ट फार मोलाची होती. यांतील पुष्कळ मुलांची बुद्धी शाबूत असते, असे लिटल यांनी नमूद केले. शरीर अडखळते म्हणून मन अडखळतेच असे नाही. ज्याला स्वतःला लहानपणी चालण्यावरून हिणविले गेले होते, त्याने केलेले हे निरीक्षण होते. या दुखण्याला पुढे कित्येक वर्षे लोक 'लिटलचा रोग' असे म्हणत.

हे दुखणे हातापायांत दिसते, परंतु त्याचे मूळ मेंदूत असते. हात वर करावयाचा असला की मेंदू आज्ञा धाडतो. ती पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून आणि मज्जातंतूंतून स्नायूंपर्यंत पोहोचते. एक स्नायू आकुंचन पावला की त्याच्या विरुद्ध बाजूच्या स्नायूने सैल व्हावयाचे असते. मेंदूच्या त्या भागाला इजा झाली असेल तर हा मेळ बिघडतो. दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी ताणले जातात आणि अवयव ताठ होतो. घाई केली, भीती वाटली किंवा कोणी रागावले म्हणजे ताठरपणा अधिकच वाढतो. म्हणूनच अशा मुलाला लवकर कर, लवकर कर म्हणून दटावणे व्यर्थ असते. धीर दिला तर त्याच मुलाच्या हातून तेच काम अधिक चांगले होते.

हालचालीबरोबर इंद्रियांचे कामही बिघडू शकते. डोळे झाकून खिशात हात घातला तरी हाती आलेली वस्तू नाणे आहे की किल्ली, हे सामान्यतः मुलांना कळते. यांपैकी काही मुलांना मात्र ते स्पर्शाने ओळखता येत नाही. आपला हात किंवा पाय नेमका कोठे आहे, हे पाहिल्यावाचून काहींना उमगत नाही. काहींची दृष्टी अधू असते, काहींना ऐकू कमी येते. पेला हातातून निसटला तर तो निष्काळजीपणा नसतो, आणि हाकेला ओ दिली नाही तर तो हट्ट नसतो.

लिटल यांनी उपचारांचाही मार्ग दाखविला. आखडलेल्या शिरा कापून पाऊल सरळ करता येई, परंतु तेवढ्याने काम भागत नाही, हे त्यांना उमगले होते. शस्त्रक्रियेनंतर पाय योग्य स्थितीत ठेवावा, अंग चोळावे, स्नायूंना रोज व्यायाम द्यावा आणि हे सारे चिकाटीने वर्षानुवर्षे करावे, यावर त्यांचा भर असे. मेंदूची इजा नाहीशी करता येत नाही. तथापि असलेली शक्ती वाढविता येते आणि अवयव अधिक वाकडे होण्यापासून वाचविता येतात.

लिटल यांचे प्रत्येक अनुमान काळाच्या कसोटीस उतरले असे मात्र नाही. १८८९ साली विल्यम ऑस्लर या प्रख्यात डॉक्टरांनी मुलांच्या या विकारावर ग्रंथ लिहिला आणि सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे येणारा पक्षाघात, हे नाव रूढ होऊ लागले. व्हिएन्ना येथील सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ साली आपल्या ग्रंथात निराळा विचार मांडला. कित्येक मुलांच्या मेंदूला आईच्या पोटात असतानाच इजा झालेली असते, आणि अवघड बाळंतपण हे पुष्कळदा कारण नसून त्या इजेचाच परिणाम असते, असे त्यांचे म्हणणे होते. आजच्या संशोधनाने असे दिसते की, बहुसंख्य मुलांच्या बाबतीत इजा जन्मापूर्वीच झालेली असते. जन्मतेवेळी श्वास कोंडल्यामुळे ती होणाऱ्यांची संख्या त्या मानाने थोडी असते. अपुऱ्या दिवसांच्या बालकांना मात्र हा धोका अधिक असतो, हे लिटल यांचे म्हणणे आजही खरे आहे. एकाने वाट काढावी आणि मागून येणाऱ्याने ती दुरुस्त करावी, याच रीतीने शास्त्र पुढे जाते.

उतारवयात लिटल यांना ऐकू कमी येऊ लागले. तेव्हा त्यांनी १८८४ साली व्यवसायातून निवृत्ती घेतली आणि लंडनचा गजबजाट सोडून ते केंट परगण्यातील एका खेड्यात राहावयास गेले. तेथेच ७ जुलै १८९४ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला.

त्यांनी लावलेले रोप पुढे देशोदेशी वाढत गेले. भारतातही अशा मुलांच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. चाकांच्या खुर्चीत बसून शाळेत येणारी, एका बोटाने अक्षरे टंकून मनातले सांगणारी, शब्दाऐवजी चित्राकडे पाहून उत्तर देणारी मुले आज शिकत आहेत. त्यांना उत्तर द्यावयास थोडा अधिक वेळ लागतो. तो वेळ देणे, हे त्यांच्या सोबत्यांचे काम आहे.

लंडनच्या एका सराईतील लंगड्या मुलाने स्वतःचे पाऊल सरळ व्हावे म्हणून दूरचा प्रवास केला. ते सरळ झाल्यावर त्याला स्वस्थ बसता आले असते. परंतु आपल्या मागे राहिलेल्या मुलांकडे तो वळून पाहत राहिला. आयांचे बोलणे त्याने मन लावून ऐकले आणि ज्यांना जग मंदबुद्धी समजत होते, त्या मुलांच्या ताठरलेल्या शरीरांत जागे असलेले मन त्याने ओळखले. डॉक्टर विल्यम लिटल यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात राहिले आहे, ते याच कार्यासाठी.